बोलेरो पिकअप: डावा हेडलाइट मंद, निळा दिवा अर्धवट, रिलेची टकटक. दोष कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोलेरो पिकअपला १००/९० वॉटचे बल्ब (अप्पर म्हणजे लांबचा उजेड १००, डिपर म्हणजे जवळचा ९०) आणि बाजारात मिळणारं तयार रिले-वायरिंग, म्हणजे हार्नेस, बसवलंत. (रिले म्हणजे छोट्या करंटवर चालून बल्बचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच.) नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेजमार्गे वाशीला जाता. सुरुवातीला उजेड चांगला पडला. आता डिपरवर डावा दिवा पिवळट आणि मंद जळतो, त्याच वेळी मीटरमधला अप्परचा निळा दिवा हलकासा उजळलेला दिसतो, खड्ड्यांत रिले टकटक वाजतो आणि पावसात डॅशबोर्डखालचा हेडलाइटचा फ्यूज दोनदा उडाला. मिस्त्री म्हणतात एलईडी टाका, सगळं सुटेल. टाकू का?

नका टाकू. निदान हा दोष सापडेपर्यंत तरी नाही. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्यातल्या पहिल्या तीन मिळून माझ्या मते एकच दोष आहे आणि तो बल्बमध्ये नाही. डाव्या बाजूचा अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी, सुटलाय किंवा गंजलाय. फ्यूजचा दोष वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी असं का म्हणतो ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढच्या वेळी तुम्हीच बोनेट उघडून सांगाल. एच४ बल्बला तीन पाती असतात. एक डिपरच्या फिलामेंटची, एक अप्परच्या फिलामेंटची आणि तिसरी दोघांची सामाईक, म्हणजे अर्थची. डिपर लावलं की करंट डिपरच्या फिलामेंटमधून येतो आणि सामाईक पातीतून बॉडीला जातो. आता ही अर्थची वाट बंद झाली असं धरा. करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. सामाईक पातीवरून तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, तिथून अप्परच्या वायरने उजव्या दिव्याकडे जातो, उजव्या बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उतरतो आणि उजव्या बाजूच्या चांगल्या अर्थला मिळतो. म्हणजे एका फिलामेंटचे १२ व्होल्ट तीन फिलामेंटांत वाटले गेले. डावा दिवा मंद आणि पिवळा दिसणारच. काचेतून नीट पाहिलंत तर डाव्या बल्बची दोन्ही फिलामेंटं लालसर जळताना दिसतील.

आता निळा दिवा. बहुतेक तयार हार्नेसमध्ये दोन्ही रिलेंच्या कॉइलचा (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) अर्थ आणि एका हेडलाइटचा अर्थ एकाच गोल लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत) आणून एकाच बोल्टखाली दिलेला असतो. तुमच्याकडे तो बोल्ट डाव्या बाजूला, बॅटरीजवळ असण्याची शक्यता मोठी आहे. तो सैल झाला की त्या सांध्यावर शून्याऐवजी सात-आठ व्होल्ट उभे राहतात. तिथून करंट अप्परच्या रिलेच्या कॉइलमधून उलटा जातो, गाडीच्या मूळ अप्पर वायरवर पोचतो आणि निळा दिवा त्याच वायरवर आहे. कॉइलचा रोध साधारण ८० ते १०० ओहम असतो, त्यामुळे दिवा पूर्ण न लागता हलकाच उजळतो.

टकटकही तिथलीच. रिलेच्या कॉइलला ओढायला साधारण आठ व्होल्ट लागतात. रिले ओढतो, बल्बचा मोठा करंट त्या खराब सांध्यावर येतो, सांध्यावरचे व्होल्ट वर चढतात, कॉइलला उरलेले व्होल्ट कमी पडतात, रिले सुटतो. सुटला की बल्बचा करंट बंद, सांध्यावरचे व्होल्ट पुन्हा खाली येतात, रिले पुन्हा ओढतो. खड्ड्यात बोल्ट हलतो म्हणून तिथे जास्त ऐकू येतं. ही टकटक फार दिवस चालू ठेवू नका. प्रत्येक टकटकीला रिलेच्या आतल्या टाचणीवर (कॉन्टॅक्टवर) ठिणगी पडते आणि शेवटी टाचण्या चिकटतात. मग स्विच बंद केला तरी दिवा बंद होत नाही.

हे सगळं खरं आहे की माझा अंदाज, ते पाहायला दोन मिनिटं लागतील. जाडसर वायरचा एक तुकडा घ्या, २.५ चौरस मिलिमीटरचा. त्याचं एक टोक बॅटरीच्या मायनसला धरा. इंजिन चालू, डिपर चालू. दुसरं टोक डाव्या बल्बच्या कपलरच्या (बल्बवर बसणाऱ्या वायरच्या सॉकेटच्या) मागून अर्थच्या पातीला टेकवा. डावा दिवा एकदम पांढरा झाला, निळा दिवा विझला आणि रिले शांत झाला, तर प्रश्न संपला. या दोषासाठी बल्ब, रिले, स्विच यांच्यापैकी काहीही बदलायचं नाही.

अर्थची पाती कोणती हे रंगावरून ठरवू नका. मूळ कपलरमध्ये आडवी पाती सहसा डिपरची असते, दोन उभ्यांपैकी एक अप्परची आणि एक अर्थची. पण तयार हार्नेस बनवणारे रंग वाटेल तसे वापरतात, आणि गाडी आधी कुणाच्या हातातून गेली असेल तर मूळ वायरचे रंगही बदललेले असतात. टेस्ट लॅम्पने (क्लिप आणि टोचणी असलेल्या तपासणीच्या बल्बने) खात्री करा. आणखी एक: काही गाड्यांत, विशेषतः जुन्या टोयोटा पिकअपमध्ये, हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो-जोडतो. अशा गाडीत सामाईक पाती प्लसची असते. तिला तुम्ही मायनसला जोडलंत तर सरळ शॉर्ट. म्हणून तुकडा टेकवण्याआधी टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून तिन्ही पाती तपासा. डिपर चालू असताना ज्या पातीवर लॅम्प झगझगीत लागतो तिला हात लावायचा नाही.

यानंतर मल्टीमीटर. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण चांगले चांगले वायरमन इथे फसतात. अर्थ तपासायला मीटर बीपवर लावून बॉडी आणि वायर यांच्यात टेकवू नका. वीस धाग्यांच्या वायरमधला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बीप देतो, कारण मीटर तिथून अगदी किरकोळ करंट पाठवतो. त्याच एका धाग्यातून साडेसात अँपिअर न्यायचे म्हटलं की तो तापतो आणि व्होल्ट खातो. म्हणून वायरिंग नेहमी दिवे चालू ठेवून, करंट वाहत असताना मोजायचं. कपलर काढून मोकळ्या टोकावर १२.६ व्होल्ट आले म्हणून वायर चांगली असं ठरत नाही. करंट वाहत नसताना खराब वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा: साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. १३.५ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि बॅटरीचे टर्मिनल पाहा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बल्ब वरचेवर उडतील आणि दोष मात्र बल्बच्या कंपनीला लागेल. मग काळी टोचणी बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोचणी डाव्या बल्बच्या अर्थ पातीला, कपलरच्या मागून. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. तुमच्या गाडीत इथे कित्येक व्होल्ट येतील अशी माझी अपेक्षा आहे. मग लाल टोचणी बॅटरीच्या प्लसला आणि काळी बल्बच्या डिपर पातीला. रिले बसवलेल्या गाडीत हा आकडा ०.५ च्या आत हवा. जास्त असेल तर फ्यूज होल्डर, रिलेचा बेस आणि वायर या क्रमाने मोजत पुढे सरका; जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. वायरला मध्येच सुई टोचू नका. त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि वर्षभरात आतलं तांबं हिरवं पडतं.

एवढ्या बारीक आकड्यांचा आग्रह का, तर हॅलोजन बल्ब व्होल्टला फार हळवा असतो. व्होल्ट १० टक्के घसरले की उजेड सुमारे ३० टक्के घसरतो. २० टक्के घसरले की अर्ध्याहून कमी उरतो. मान्यताप्राप्त एच४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात. डिपरला साधारण १००० ल्युमेन, अप्परला १६५० ल्युमेन. पण बऱ्याच पिकअपमध्ये बल्बपर्यंत साडेअकरा-बारा व्होल्टच पोचतात. मालकाला वाटतं बल्ब कमजोर आहे, म्हणून तो १००/९० टाकतो. त्याने करंट वाढतो. ६०/५५ ची जोडी अप्परवर १२ व्होल्टला १० अँपिअर घेते, १००/९० ची जोडी जवळपास १६.७ घेते. वायर तीच असेल तर करंटबरोबर तिच्यात वाया जाणारे व्होल्टही वाढतात, आणि जास्तीच्या वॉटपैकी बरेचसे वायर, कपलर आणि स्विच तापवण्यात जातात.

वायरचा हिशेब सांगतो. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण २३ मिलिओहम रोध देते. चार मीटरच्या वाटेत १६.७ अँपिअरला दीड व्होल्ट गेले. तेच २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. आणि स्वस्त हार्नेसमधली वायर बाहेरून जाड दिसते ते इन्सुलेशनमुळे. एक टोक सोलून एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत लाल निघालं तर तांबं आहे, बाहेरून कथलाचा मुलामा असला तरी हरकत नाही. बाहेर लाल आणि आत पांढरं निघालं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. असलं हार्नेस ठेवू नका. रिले चांगला असेल तर तेवढा घ्या आणि वायर नवीन ओढा.

आता दुरुस्ती. पिकअपमध्ये चॅसी वेगळी, केबिन वेगळी आणि पुढचा पत्रा बोल्टने जोडलेला. इंजिन रबरावर बसलेलं. या सगळ्यांना बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या दोन-तीन पट्ट्या किंवा जाड वायरी असतात आणि त्यांवर कुणाचं लक्ष नसतं. पुढच्या पत्र्याच्या कुठल्याही रंगवलेल्या बोल्टखाली लग दाबला म्हणजे अर्थ झाला असं नाही. तो पत्रा स्वतःच रंगाच्या थरावर बसलेला असू शकतो. म्हणून डाव्या दिव्याचा, उजव्या दिव्याचा आणि कॉइलचा असे तीन अर्थ वेगळे करा. जागा निवडून रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, लग नीट पंच करून घ्या, दात असलेला वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा. आधी जेली लावून मग आवळू नका. बॅटरीपासून चॅसीपर्यंतची आणि चॅसीपासून इंजिनपर्यंतची पट्टीही सोडवून, घासून परत बसवा. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे जास्तीची वायर थेट टर्मिनलला लावू नका, सेन्सरच्या पलीकडे चॅसीला लावा.

फ्यूजकडे येऊ. उडाला तो डॅशबोर्डखालचा, म्हणजे मूळ वायरिंगचा. हार्नेसचा नव्हे. ही फार कामाची खूण तुम्ही लिहिलीत. रिले बसवल्यावर बल्बचा करंट त्या फ्यूजमधून जातच नाही. तिथून जातो फक्त कॉइलचा आणि निळ्या दिव्याचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी. इतका रिकामा फ्यूज जास्त भारामुळे उडूच शकत नाही. कुठेतरी प्लसची वायर सरळ बॉडीला टेकते आहे.

पहिला संशय मोकळ्या कपलरवर. हार्नेस मूळ दोन कपलरपैकी एकातूनच इशारा घेतं, दुसरं मूळ कपलर तसंच लटकत राहतं. ते अजून जिवंत असतं! बसवणारे त्याला टेप गुंडाळून ग्रिलच्या मागे सोडून देतात. पावसात टेप सुटते, कपलर लोंबकळतं आणि पाती पत्र्याला लागते. नुसत्या पाण्याने १५ अँपिअरचा फ्यूज सहसा उडत नाही. पाण्याने गंज चढतो. फ्यूज उडायला धातूला धातू लागावा लागतो. त्या कपलरच्या तोंडावर रबरी टोपी घाला आणि तोंड खाली करून क्लिपने बांधा.

तिथे काही सापडलं नाही तर रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, बोनेटच्या लॉकपाशी आणि बॅटरीच्या ट्रेच्या कडेला वायर घासली आहे का पाहा. नजरेने सापडत नसेल तर फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तेव्हा तो पूर्ण उजळेल, नसेल तेव्हा जेमतेम लागेल किंवा लागणारच नाही. डिपर चालू ठेवून पुढची वायरिंग हाताने हळूहळू हलवत जा. ज्या जागी हलवल्यावर बल्ब एकदम उजळतो, तिथेच वायर सोललेली आहे. डिपरवर काही झालं नाही तर अप्पर लावून हेच करा. एकेक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा हे बरं. आणि फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी तार किंवा चांदीचा कागद कधी लावू नका. टोमॅटोच्या क्रेटखाली पेंढा असतो, शेजारी डिझेलची टाकी असते.

हार्नेसला स्वतःचा फ्यूज आहे का हेही पाहून घ्या. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. रिलेजवळ फ्यूज लावला तर बॅटरी ते रिले हा सगळा तुकडा उघडाच राहतो. ६०/५५ च्या जोडीला २० अँपिअरचा, पिवळा फ्यूज पुरे. रिलेची तोंडं खाली हवीत आणि वायर रिलेमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी वायरवरून घरंगळून रिलेत न जाता झुकलेल्या जागी गळून जातं. रिलेच्या पिनांत ३० वर बॅटरी, ८७ वर बल्ब, ८५ आणि ८६ वर कॉइल. पाच पिनांचा रिले असेल तर मधली ८७ए रिकामी सोडायची. तिच्यावर चुकून बल्ब जोडला तर स्विच बंद असताना दिवा लागतो.

बल्बबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १००/९० काढा. एच४ म्हणून मान्य असलेला १२ व्होल्टचा बल्ब ६०/५५ वॉटचाच असतो. जास्त वॉटच्या बल्बने कपलरचं प्लास्टिक तपकिरी होतं, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते, आणि एकदा चांदी गेली की कुठलाही बल्ब टाकून उजेड येत नाही. तुमचं कपलर काढून हुंगून पाहा. जळकट वास येत असेल किंवा पाती काळी-निळी पडली असेल तर कपलर बदला. चांगल्या वायरवर पूर्ण १३ व्होल्ट मिळालेला ६०/५५ तुम्हाला घाटात पुरेसा वाटेल असं मी खात्रीने म्हणतो.

एलईडीचं म्हणाल तर हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकं कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, तीच वरचा उजेड कापते. एलईडीचे ठिपके त्या जागी तंतोतंत बसत नाहीत. उजेड समोर पसरतो, पुढच्या वीस मीटरवर रस्ता पांढराफेक दिसतो म्हणून चालकाला बरं वाटतं, पण लांबचं कमी दिसतं आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. माळशेजच्या धुक्यात तर वर गेलेला उजेड तुमच्याच डोळ्यांवर परत येतो. मागचा पंखा मोठा असल्याने रबरी बूट नीट बसत नाही आणि दिव्यात पाणी शिरतं. विजेच्या बाजूनेही, अर्थ असाच खराब राहिला तर एलईडी मंद होण्याऐवजी लुकलुकेल किंवा बंदच पडेल. एलईडीच्या स्वस्त ड्रायव्हर सर्किटमुळे एफएमवर खरखर येते ती वेगळीच. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत.

वायरिंग झालं की दिव्यांचं अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका, आणि ते भरलेल्या गाडीवर करा. मागे दीड टन माल पडला की पिकअपचं नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेलं डिपर समोरच्याच्या काचेवर जातं. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर भरलेली गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर ठेवा. बल्बच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवी. डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करायची चकती असेल तर हे काम रिकाम्या गाडीवर चकती शून्यावर ठेवून करा आणि माल भरला की चकती फिरवा.

एवढं करूनही डावा दिवा मंद राहिला, तर इंजिन आणि डिपर चालू असताना हे चार आकडे मोजून लिहा: बॅटरीवरचे व्होल्ट, डाव्या अर्थवर खाल्लेले व्होल्ट, डाव्या प्लसच्या वाटेत खाल्लेले व्होल्ट, आणि रिलेच्या ८५ व ८६ मधले व्होल्ट. त्यावरून पुढचं सांगता येईल.